मान हलवून बघ

"भांगरे, बोल्ट काढ आणि ऊठ," तांबोळी साहेब म्हणाले.

मी बोल्ट काढून चटईवर ठेवला, रायफल रिकामी असल्याचं त्यांना दाखवलं आणि उठले. साहेब स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून चारशे मीटरवरचं माझं टार्गेट बघत होते. बराच वेळ बघत होते. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी दुर्बिणीची काच पुसली. काच स्वच्छ होती. काही वाईट सांगायचं असलं की ते आधी काच पुसायचे, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं.

"दहा गोळ्या," ते म्हणाले. "एक पार वरती, एक पार खालती, बाकीच्या मधे कुठेही. शंभर मीटरला तुझ्या पाच गोळ्या एका सुपारीखाली झाकतात. मग चारशेला काय होतं तुला?"

"वारा असेल, साहेब."

"वारा फक्त तुझ्याच चटईवर होता? घोलपच्या नव्हता?"

शेजारच्या चटईवर शिवराम घोलप रिकामी काडतुसं गोळा करत होता. त्याने मान वर केली नाही. सज्जन माणूस. माझ्याकडे बघितलं तर मला लाज वाटेल म्हणून तो काडतुसं दोनदा मोजत बसला.

याला सोळा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची पोलीस शिपाई होते आणि आमच्या जिल्ह्याच्या नेमबाजी संघात यायला धडपडत होते. राज्यस्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. संघात चार जागा, त्यातल्या तीन ठरलेल्या. चौथ्या जागेला मी किंवा घोलप. त्या वर्षी पहिल्यांदाच चारशे मीटरचा प्रकार आला होता आणि पहिल्यांदाच आमच्या रायफलींवर स्कोप बसले होते. त्याआधी आम्ही सगळे उघड्या साइटवर, शंभर-दोनशे मीटरवर मारणारे. स्कोपमधून दहा पट मोठं दिसायचं. बघताना वाटायचं, आता काय, हात लांब करून बोटच टेकवायचं.

"श्वास. दहा दिवस तेच सांगतोय," तांबोळी साहेब म्हणाले. "गोळ्या उभ्या रांगेत पसरतात म्हणजे श्वास धरता येत नाही तुला. लांबच्या माऱ्याला छाती लागते, भांगरे. बायकांचं..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "आज मंगळवार. शुक्रवारी सकाळी दोघांची शेवटची चाचणी. प्रत्येकी दहा गोळ्या, चारशे मीटर. ज्याचे गुण जास्त, तो जाईल."

रायफलीत दोष असेल असंही मी म्हणून बघितलं होतं. त्यासाठी साहेबांनी आदल्या दिवशी मला घोलपची रायफल दिली आणि त्याला माझी. घोलपने माझ्या रायफलीने वाटीएवढ्या जागेत दहा गोळ्या बसवल्या. मी त्याच्या रायफलीने पुन्हा तीच उभी रांग काढली. त्यानंतर रायफलीचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

पत्र्याच्या शेडखाली बाकावर माझे वडील बसले होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. कोंडाजी भांगरे, पाटबंधारे खात्याच्या सर्व्हेतले निवृत्त खलाशी, म्हणजे मोजणीच्या तुकडीतले मदतनीस. अकोले तालुक्याच्या डोंगरातून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आले होते. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी. खोलीवर एकटे बसून कंटाळतात म्हणून साहेबांची परवानगी काढून मी त्यांना रेंजवर आणलं होतं. नेमकं त्याच दिवशी त्यांच्यासमोर ऐकून घ्यावं लागलं.

आम्ही घरी आलो. दुपारी जेवायला बसलो. मी भाकरी वाढली, कालवण वाढलं.

"यमुने," ते म्हणाले, "त्या नळीत तुला धागे दिसतात ना? आडवा आन् उभा?"

"क्रॉस म्हणतात त्याला."

"तो क्रॉस हालतो का?"

"रायफल हलली तर हलणारच."

"तसं नाही. रायफल जागच्या जागी. तुझी मान हालली, तर क्रॉस हालतो का?"

"नाही हलत, आबा. भारी असतात ते स्कोप."

"बघितलंस का हालवून?"

मी त्यांच्या ताटात आणखी कालवण ओतलं. सकाळपासूनचा राग पोटात होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"तुझ्या गोळ्या उभ्या पडल्या," आबा भाकरी मोडत म्हणाले. "वारा असता तर आडव्या गेल्या असत्या. साहेब म्हणतात श्वास. बरं, श्वास म्हणू. मग शंभरावर बी तो दिसाया पाहिजे. चारशेला वीतभर चूक, तर शंभराला तिची चौथाई. चौथाई म्हणजे तीन बोटं झाली. तुझं तर सुपारीएवढं पडतंय. म्हणजे शंभरावर चूक नाहीच, आन् चारशेवर हाय. असली चूक छातीची नसती, बाय. असली चूक काचंची असती. सर्व्हेत आमी..."

"आबा, सर्व्हेत तुम्ही आकड्यांची उंच पट्टी धरायचात," मी म्हणाले. "दुर्बिणीतून साहेब बघायचे. तुम्ही फक्त पट्टी धरून उभे राहायचात. हे रायफलीचं काम आहे."

त्यांनी माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं. रागावले नाहीत. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून शांतपणे खाल्ला आणि म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय."

एवढंच. ताट धुऊन त्यांनी ते पालथं घातलं, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बुधवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी रेंजवर गेले. गोळी न भरता नुसता ट्रिगरचा सराव करायचा होता. श्वास अर्धा सोडायचा, थांबवायचा, दाबायचं. पुन्हा. पन्नास वेळा केलं असेल. क्रॉस प्रत्येक वेळी बरोबर काळ्याच्या मधोमध आणि ट्रिगर सुटताना तो तसूभरही हलत नव्हता. मग काल गोळ्या कुठे गेल्या? मी चटईवर तशीच पडून राहिले. आणि खरं सांगते, आबांचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणूनच मी उठले आणि वाळूच्या पिशव्या आणल्या.

आधी बोल्ट काढून ठेवला. रायफल पिशव्यांमधे घट्ट रुतवली, क्रॉस चारशे मीटरवरच्या काळ्याच्या मधोमध येईल अशी. मग दोन्ही हात मागे घेतले. रायफलीला कुठेच स्पर्श नाही. डोळा स्कोपमागे नेला आणि मान जराशी वर केली.

क्रॉस चालायला लागला.

काळ्याच्या मधून तो सरकत सरकत वरच्या कडेकडे गेला. मान खाली घेतली, तसा उलटा फिरून खालच्या कडेला आला. रायफल दगडासारखी पडून होती. टार्गेट जागेवर होतं. डोळा फार तर गव्हाच्या दाण्याएवढा हलला असेल, आणि तिकडे चारशे मीटरवर क्रॉस चांगला वीतभर फिरून आला होता. मी पुन्हा केलं. पुन्हा चालला.

मी धावत तांबोळी साहेबांकडे गेले. ते शेडमधे चहा पीत होते.

"साहेब, क्रॉस हलतोय."

"रायफल हलत असेल."

"रायफलीला हात नाही लावलेला. तुम्ही स्वतः बघा."

ते आले, गुडघे मोडून चटईवर झोपले. मान वर केली, खाली केली. मग पुन्हा एकदा वर केली.

"स्कोप बिघडलाय," ते उठत म्हणाले. "घोलप, तुझी रायफल आण."

घोलपची रायफल पिशव्यांवर ठेवली. तिचाही क्रॉस चालला. तिसरी आणली. तिचाही. शेवटी साहेबांनी एक टार्गेट शंभर मीटरवर उभं करायला लावलं. तिथे मात्र मान कितीही हलवली तरी क्रॉस ठोकून बसवल्यासारखा एका जागी.

"तिन्ही एकदम बिघडणार नाहीत," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला हे कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"कुठल्या दलात होते?"

"दलात नव्हते, साहेब. सर्व्हेत खलाशी होते."

मला वाटलं ते हसतील. तांबोळी साहेबांची तीस वर्षं नोकरी झाली होती, छातीवर पदकांची रांग होती, आणि दोन डझन नेमबाज त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

"गाडी घे आणि भांगरेच्या खोलीवर जा. तिचे वडील आहेत. म्हणावं, तांबोळींनी विनंती केलीय. 'विनंती' म्हण. 'बोलावलंय' म्हणू नकोस."

अर्ध्या तासाने आबा जीपमधून उतरले. पट्टी, टोपी, पिशवी, सगळं तसंच. त्यांना वाकायची बंदी होती म्हणून घोलपने टेबल आणून त्यावर रायफल पिशव्यांत बसवली. आबांनी उजवा डोळा लावला. मान हळूच वर, मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे. मग स्कोपच्या अंगावरून बोटं फिरवली. काहीतरी शोधत होते.

"चाक कुठाय हिचं?"

"कसलं चाक?" साहेबांनी विचारलं.

"सर्व्हेच्या दुर्बिणीला असतंय, साहेब. जवळचं बघायचं तर इकडं फिरवायचं, लांबचं तर तिकडं. धाग्याचं चालणं थांबलं की मंग आकडा घ्यायचा. त्याआधी घेतलेला आकडा खोटा."

"याला चाक नाही. हे कारखान्यातूनच पक्कं करून येतं."

"शंभरासाठी पक्कं केलेलं दिसतंय."

"पण हलतो का तो?" घोलपने विचारलं. "काचेच्या आत धागा हलणार कसा?"

आबांनी उजव्या हाताचं बोट घोलपच्या डोळ्यासमोर धरलं. "माझं बोट बघा. त्याच्या मागं त्यो शेडचा खांब बघा. आता मान हालवा. बोट खांबावरून सरकतंय का नाही?"

"सरकतंय."

आबा चालत खांबाशी गेले आणि बोट खांबाला टेकवून उभे राहिले. "आता हालवा मान. सरकतंय?"

घोलपने मान हलवली. "नाही."

"झालं तर मंग. नळीच्या आत टार्गेटाचं चित्तर एका जागी पडतंय आन् धागा बसवलाय त्याच्या जागी. शंभराचं चित्तर बरोबर धाग्यावर पडतं. बोट खांबाला टेकलेलं. चारशेचं चित्तर धाग्याच्या मागं-पुढं पडतं. बोट वेगळं, खांब वेगळा. मंग डोळा जिथनं बघंल तिथं धागा दिसणार. हालत काहीच नाही. दिसतं तसं."

तांबोळी साहेब टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत होते. "पण मग घोलपच्या गोळ्या बरोबर का पडतात? त्याचाही स्कोप तसलाच आहे."

आबांनी रायफलीच्या लाकडी दस्त्यावरून हात फिरवला. म्हणाले, "खडू हाय का?"

खडू आला. त्यांनी आधी घोलपला झोपायला लावलं. रायफलीच्या दस्त्यावर त्याने गाल टेकवला की गालाच्या हाडापाशी लाकडावर खडूची बारीक रेघ मारायची. मग त्याला उठायला लावायचं, चार पावलं चालायला लावायचं, पुन्हा झोपवायचं. असं पाच वेळा. वाकायची बंदी होती म्हणून रेघा साहेबांनी मारल्या आणि आबा उभ्याउभ्या सांगत राहिले. घोलपचा जबडा भरलेला, गाल रुंद. पाचही रेघा एकमेकींवर पडल्या, जणू एकच जाड रेघ.

मग मी झोपले. पाच वेळा. उठून बघितलं तर दस्त्यावर पाच वेगळ्या रेघा होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

"तुझा चेहरा लहान," आबा म्हणाले. "लाकूड खाली ऱ्हातंय, नळी वर. नळीपर्यंत पोचायला तू गाल उचलून धरतीस. टेकत नाहीस, धरतीस. धरलेली गोष्ट दर वेळी थोडी वर-खाली व्हणारच. म्हणून गोळ्या उभ्या."

दहा दिवस मी माझ्या छातीला शिव्या देत होते. पहाटे उठून टेकडीवर पळत होते, पाण्याच्या बादलीत तोंड घालून श्वास मोजत होते. माझा श्वास ठीक होता. माझा ट्रिगर ठीक होता. लाकूड माझ्या मापाचं नव्हतं, इतकंच.

तांबोळी साहेब खडूच्या त्या शिडीकडे बघत राहिले. "भांगरे," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी काल जे बोललो ते चुकलं. पूर्ण बोललो नव्हतो, पण तेवढंही चुकलं."

"चाक नाही, तर डोळाच एका जागी बांधायचा," आबा म्हणाले.

बाकीचा दिवस त्यातच गेला. स्टोअरमधून एक जुनं कांबळं आलं. घोलपने सायकलच्या फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या. आबा टेबलावरच्या रायफलीच्या दस्त्यावर कांबळ्याची एक घडी ठेवायचे, वरून ट्यूबची पट्टी ताणून बांधायचे आणि म्हणायचे, "डोळं मीट. गाल टेक. मानेत जोर नको. आता उघड." मी डोळे उघडायचे. कधी अर्धं टार्गेट काळं दिसायचं, कधी क्रॉस खाली असायचा. "अजून एक घडी." पुन्हा डोळे मिटायचे. सात घड्या झाल्या तेव्हा गाल पहिल्यांदा आपल्या वजनाने टेकला. मानेतला ताण गेला आणि मला कळलं की इतके दिवस तिथे ताण होता.

पुढची युक्ती साहेबांची. मान बोटभर मागे घेतली की स्कोपच्या आत कडेने एक बारीक काळं कडं दिसतं. "ते कडं चहूबाजूंनी सारख्या जाडीचं दिसलं की डोळा बरोबर मधे," ते म्हणाले. "एका बाजूला जाड झालं की डोळा सरकला. आधी कडं बघ, मग क्रॉस, मग ट्रिगर." हे म्हणताना त्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी मान डोलावली तेव्हा ते शाळेत उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखे खूश झाले.

"असं बांधलेलं नियमात बसतं का, साहेब?" मी विचारलं.

"नियमांची पुस्तिका मी आत्ताच दोनदा वाचून आलोय. दस्त्यावर कांबळं बांधू नये असं कुठेही लिहिलेलं नाही."

गुरुवारी मी पुन्हा पाच वेळा झोपले, उठले. खडूच्या पाच रेघा एकमेकींवर पडल्या.

शुक्रवारी सकाळी वारा पडलेला होता. रेंजवर लाल निशाण चढलं. आधी घोलप. त्याने नेहमीसारख्या संथपणे दहा गोळ्या मारल्या. घाई नाही, थांबणं नाही. साहेब दुर्बिणीतून बघत राहिले. मग माझं नाव आलं.

मी झोपले. डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. कडं खालच्या बाजूला किंचित जाड होतं. घाई केली नाही, पुन्हा डोळे मिटले. आता कडं सारखं. क्रॉस काळ्याच्या मधोमध. मी मुद्दाम एकदा मनात म्हणाले, हा खरा आहे. आणि दाबलं.

दुसऱ्या गोळीनंतर मला वेळेचं भान राहिलं नाही. कडं, क्रॉस, ट्रिगर. प्रत्येक गोळीनंतर मी गाल उचलत होते आणि पुन्हा पहिल्यापासून टेकवत होते. मधे एकदा, सातव्या गोळीला, कडं काही केल्या सारखं होईना. मागे कुणीतरी खोकलं. मी बोट ट्रिगरवरून काढलं, तोंड बाजूला करून चटईवर ठेवलं, दहापर्यंत मोजलं. आधीची मी असते तर तशीच मारून मोकळी झाले असते. पुन्हा गाल टेकवला. कडं सारखं. दाबलं.

दहा झाल्या. बोल्ट काढला. साहेबांनी दुर्बिणीत बघितलं आणि खिशातल्या रुमालाला हातही लावला नाही.

"रायफली रिकाम्या, निशाण पांढरं," ते ओरडले. "घोलप, भांगरे, दोघं जा आणि आपापली टार्गेटं घेऊन या."

चारशे मीटर चालायला चार-पाच मिनिटं लागतात. घोलप आणि मी बरोबर चालत गेलो. दोघांनीही लांबून आपापल्या टार्गेटकडे बघायचं टाळलं. त्याच्या टार्गेटवर त्याच्या नेहमीच्या गोळ्या होत्या, चांगल्या. शंभरपैकी ब्याण्णव गुण. माझ्या टार्गेटवर काळ्याच्या मधोमध भोकांचा एक पुंजका होता. आठ गोळ्या एका मुठीखाली झाकतील अशा, दोन जरा बाजूला. मी गुण मोजले. पुन्हा मोजले. मग घोलपला मोजायला दिले.

"शहाण्णव," तो म्हणाला. त्याची जागा गेली होती. मग त्याने माझ्या टार्गेटच्या खिळ्यांना हात घातला. "थांब, मी काढतो. फाटेल तुझ्याकडून. हे जपून ठेवायला पाहिजे."

तो खिळे काढत असताना मी मागे वळून बघितलं. लांबवर शेड, शेडच्या पुढे स्टँडवरची दुर्बीण, आणि दुर्बिणीमागे एक लहानशी पांढरी टोपी. साहेबांनी आबांना बघायला दिलं होतं. मी हात केला. आबांनीही हात वर केला, पण नुसता वर केला नाही. सरळ डोक्याच्या वर धरला आणि डावीकडे कलता केला. थांबले. मग पुन्हा सरळ केला आणि दोन्ही हात आडवे पसरून खाली सोडले. मला काहीच कळलं नाही.

परत आल्यावर साहेबांनी कागद हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौथी जागा भांगरे." मग घोलपच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहाला घेऊन गेले.

आबा अजून दुर्बिणीजवळच उभे होते.

"ते हात कसले करत होतात?" मी विचारलं.

"सवय," ते थोडे लाजून म्हणाले. "तू तिथं वाकडी उभी व्हतीस. हात कलता केला की त्या बाजूला सरळ हो, असं. आन् हात पसरून सोडले की झालं, आकडा घेतला. तुझ्या आईला असंच सांगायचो."

"आईला?"

"मंग? पट्टी कोण धरायचं?"

"तुम्ही ना?" मी म्हणाले.

"आमच्या सर्व्हेच्या पाठक साहेबांना कमी दिसायचं," आबा म्हणाले. "फार हुशार माणूस, पण डोळं गेले. वर कळलं असतं तर नोकरी गेली असती, पदरात चार पोरी. म्हणून त्यांनी मला दुर्बीण शिकवली. मी डोळा लावायचो, आकडा सांगायचो, ते लिहायचे. मी दुर्बिणीला, मंग पट्टीला कोण? तुझी आई रोजावर व्हती, तिनं धरली. सतरा वर्षं. साठ मैलांचा कालवा केला आमी तिघांनी. पाठक साहेब हयात व्हते तोवर बोलायचं न्हवतं. मागल्या साली गेले ते." ते हसले. "त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. सतरा वर्षं तुझी आई मला डोकं खाली, पाय वर अशी दिसली. आज तू सरळ दिसलीस."

मला मंगळवारची दुपार आठवली. भाकरी, कालवण, माझा आवाज.

"आबा, त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, फक्त पट्टी धरायचात. तेव्हाच का नाही सांगितलंत, की मी दुर्बिणीला होतो?"

ते खरोखरच विचारात पडले, जणू असं काही सांगायला हवं होतं हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"पट्टी तुझी आई धरायची," ते म्हणाले. "उन्हात, चिखलात, धारेवर, कड्यावर. केसभर वाकडी झाली तर माझा आकडा वाया. ते काम कमी हाय, असं मी कसं म्हणू?"

राज्यस्पर्धेत चारशे मीटरला मी पहिली आले. निकालानंतर एका टेबलाशी फॉर्म भरायचा होता. नाव, जिल्हा, दल, गुण. शेवटी एक रकाना होता, प्रशिक्षक. कारकुनाने न विचारताच लिहिलं, श्री. तांबोळी. साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, आपल्या नावाखाली लिहिलं, कोंडाजी धावजी भांगरे, सर्व्हे खलाशी, आणि पेन माझ्या हातात दिलं.

"भांगरे, अजून कुणी राहिलं का?"

मी लिहिलं, चिमाबाई कोंडाजी भांगरे.

"अहो, एकाच नावाची जागा आहे तिथे," कारकून म्हणाला.

"बसली की तिन्ही," साहेब म्हणाले. "शिक्का मारा."